वीट लटकत नाही, तशी

वाचकांचे प्रश्न: विज्ञानकादंबऱ्या, पडदा आणि हशा

विज्ञानकादंबरीवर चित्रपट निघतो तेव्हा तिच्यातल्या विनोदाचं काय होतं, या एकाच विषयावर या खेपेला इतकी पत्रं आली की बाकीची बाजूला ठेवली. काही पत्रं लांबीमुळे कापली आहेत, राग आला तर कळवा.

प्रश्न: 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' मी लोकलमध्ये वाचत होतो. इतका हसत होतो की समोरच्या बाईंनी जागा बदलली. नंतर २००५चा चित्रपट पाहिला. नट चांगले, यानं झकास, व्होगॉन नावाचे परग्रहवासी तर पुस्तकातून उठून आल्यासारखे. पण हसू काही येईना. दोष पटकथेचा की माझा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमचा नाही, आणि पटकथेचाही निम्माच. या पुस्तकातला बराचसा विनोद पात्रांकडे नाहीच, तो निवेदकाच्या वाक्यात आहे. पृथ्वी पाडायला आलेली अवाढव्य यानं आकाशात कशी होती? लेखक डग्लस ॲडम्स सांगतो की वीट जशी लटकत नाही, अगदी तशी ती लटकत होती. आता हे कॅमेऱ्याला सांगून बघा. कॅमेरा यान दाखवेल, ते लटकलेलं दाखवेल, पण त्यातला 'नाही' कुठून दाखवणार? न लटकणारी वीट वाक्यातच राहते, तिला दुसरं घर नाही.

या गोष्टीचा जन्म कानासाठी झाला, हेही लक्षात घ्या. १९७८मध्ये ती बीबीसीच्या रेडिओ ४वर आली, कादंबरी १९७९ची. रेडिओवर निवेदक हक्काचा असतो, तो मध्येच बोलला तर कुणाला खटकत नाही. १९८१च्या टीव्ही मालिकेनं त्याला सोडलं नाही. 'गाइड' या कथेतल्याच प्रवासपुस्तकाची पानं पडद्यावर उमटत आणि आवाज वाचत जाई. (ती पानं संगणकाची वाटत, पण हातानं केलेली ॲनिमेशन होती.) मालिकेला सहा भाग होते, चित्रपटाला १०९ मिनिटं. निवेदकाला स्टीफन फ्रायचा आवाज मिळाला, पण वेळ मिळाला नाही.

वेळ नसला की काय होतं, ते एका ठिकाणी बघा. नायक आर्थर डेंटचं घर पाडण्याचा आराखडा 'जाहीर प्रदर्शित' केला होता, असं सरकारी माणूस सांगतो. पुस्तकात हा आराखडा शोधायची पायऱ्यापायऱ्यांची साखळी आहे: तो तळघरात होता, तिथले दिवे गेले होते, जिनाही गेला होता, आराखडा कुलूपबंद कपाटाच्या तळाशी होता, कपाट वापरात नसलेल्या संडासात होतं, आणि संडासाच्या दारावर पाटी होती: बिबट्यापासून सावध. चित्रपटात साखळी आधीच तोडली आहे, बिबट्या येतच नाही. कापणाऱ्याचा हिशेब असा असणार की तळघर आलं, मुद्दा कळला, पुढे चला. पण इथे मुद्दा हा विनोद नाहीच. 'आता याहून वाईट काय असणार' असं वाटत असताना आणखी एक पायरी खाली जाणं, हा विनोद आहे. अशी साखळी अर्धी ठेवण्यापेक्षा अख्खी काढलेली बरी. अर्धी ठेवली की ती नुसती तक्रार होते.

मात्र चित्रपट जिथे हसवतो, ती ठिकाणंही बघा. यानाच्या असंभाव्यतेच्या इंजिनाची उडी संपते आणि सगळी पात्रं लोकरीनं विणलेल्या बाहुल्या झालेली असतात. आर्थरला मळमळतं आणि तो उलटी करतो, रंगीत लोकरीची. एक शब्द नाही. किंवा पृथ्वी सोडून जाणाऱ्या डॉल्फिनांचा निरोप: पुस्तकात ते एक वाक्य आहे, चित्रपटानं त्याचं सुरुवातीचं अख्खं गाणं केलं. इथे कुणीतरी वाक्य बाजूला ठेवून 'हेच पडद्यावर कसं घडेल' असा विचार केलेला दिसतो. आकाशातून कोसळणाऱ्या देवमाशाचं स्वगतही टिकलं, कारण पडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच बोलायला लागतो आणि शेवट कुठे होणार ते आपल्याला दिसत असतं.

घरी करून बघण्यासारखी चाचणी आहे. आवडत्या कादंबरीची दहा पानं घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली. हसू निवेदकाच्या शब्दांमुळे आलं तर तांबडी खूण, पात्राच्या बोलण्यामुळे आलं तर निळी, प्रसंगामुळे आलं तर हिरवी. हिरवं पडद्यावर जवळजवळ आपोआप उतरतं. निळं नटावर अवलंबून. तांबडं नव्यानं रचावं लागतं, नाहीतर सोडावं लागतं. ॲडम्सची पानं तांबडीलाल होतात. आपल्याकडे 'बटाट्याची चाळ'ही अशीच तांबडी आहे. पुलंनी ती रंगमंचावर नेली तेव्हा निवेदकालाच नेलं, म्हणजे स्वतः एकटे उभे राहिले. पडद्याला ती सोय सहसा नसते.

प्रश्न: 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' ज्या कादंबरीवर बेतला आहे ती अगदी गंभीर आहे, असं वाचलं. मग कथानक तेच ठेवून विनोद आणला कुठून? विनोदी वाक्यं घुसडली की काय?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर: वाक्यं आहेत, पण युक्ती वाक्यांत नाही. पीटर जॉर्जची 'रेड अलर्ट' १९५८ची. एक अमेरिकी सेनापती परस्पर अणुहल्ल्याचा हुकूम सोडतो, विमानांना परत बोलावण्याचा संकेतशब्द त्याच्याशिवाय कुणाकडे नाही, असा सरळ थरारक ऐवज. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकनं आधी सरळच पटकथा लिहायला घेतली होती. लिहिताना सारखे असे तपशील समोर येत की ते खरे होते आणि हास्यास्पदही, आणि गांभीर्य राखायचं तर गाळावे लागत. अखेर त्यानं उलट केलं: गाळायचं ते ठेवलं आणि विनोदी लेखक टेरी सदर्नला लेखनात घेतलं. चित्रपट १९६४चा.

कोकच्या यंत्राचा प्रसंग जवळून बघा. मँड्रेक या ब्रिटिश अधिकाऱ्याला संकेतशब्द उमगला आहे. राष्ट्राध्यक्षांना कळवलं तर जग वाचेल. तळावर चालू आहे तो फक्त नाणी टाकायचा फोन, आणि नाणी कमी पडतात. शेजारी शीतपेयाचं यंत्र आहे, त्यात नाणीच नाणी. तो सैनिकी अधिकाऱ्याला म्हणतो, गोळी घालून कुलूप फोड. अधिकारी बिचकतो, कारण ती खाजगी मालमत्ता आहे. शेवटी गोळी घालतो, पण आधी बजावतो की फोन लागला नाही तर कोका-कोला कंपनीला जबाब द्यावा लागेल. नाणी गोळा करायला वाकतो तेव्हा तोंडावर कोकची चिळकांडी उडते.

आता यातलं काय अशक्य आहे? काहीच नाही. सुट्टे पैसे नसणं, कंपनीच्या मालमत्तेची भीती, दोन्ही रोजच्या गोष्टी. फक्त त्या जगबुडीच्या शेजारी ठेवल्या आहेत. आणि दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर 'आपण विनोद करतोय' असं नाही. मँड्रेकला घाम फुटलाय, अधिकाऱ्याला शिस्तीची चिंता आहे. यातला एक जरी प्रेक्षकाकडे बघून मिश्किल हसला असता तरी प्रसंग कोसळला असता.

बाकीची तयारीही याच बेतानं केलेली आहे. बॉम्बफेकी विमानाचं आतलं दृश्य, त्यातली बटणं, तपासणीच्या याद्या, सगळं माहितीपटासारखं कोरडं. तळावरची चकमक हातात कॅमेरा धरून, बातमीपटासारखी. केन ॲडमनं उभारलेला युद्धकक्ष भव्य आणि काळोखा. वातावरण जेवढं खरं, तेवढी माणसं वेडी दिसतात. उलट, वातावरणही विनोदी केलं तर माणसं फक्त विनोदी दिसली असती. याच कारणासाठी शेवटी चित्रित केलेली एक अख्खी मारामारी क्युब्रिकनं काढून टाकली. युद्धकक्षात सगळे एकमेकांना क्रीमचे केक फेकून मारतात, असा प्रसंग होता. तो निव्वळ फार्स होता आणि बाकीचा चित्रपट उपहास. फार्समध्ये माणसं काहीही करतात. उपहासात ती तर्कानंच वागतात, फक्त त्या तर्काचं मूळ चुकीचं असतं.

सांगाडा तोच राहिला असं म्हणता येईल, एक मोठा फरक सोडून. कादंबरीत सर्वनाश टळतो, चित्रपटात टळत नाही. हे उलटं वाटेल, पण उपहासाला हाच शेवट लागतो. शेवटी सगळं ठीक झालं असतं तर आपण दीड तास मूर्खांना उगाच हसलो, एवढंच उरलं असतं.

तुलनेला त्याच वर्षीचा सिडनी लुमेटचा 'फेल सेफ' बघा. विषय जवळजवळ तोच, कादंबरी वेगळी, १९६२ची. (दोन कथांतल्या साम्यावरून खटला झाला, तडजोडीनंतर एकाच कंपनीनं दोन्ही चित्रपट वितरित केले, 'फेल सेफ' मागाहून.) त्यात पार्श्वसंगीत नाही, एक विनोद नाही, आणि चित्रपट उत्तम आहे. पण 'स्ट्रेंजलव्ह' पाहून लगेच तो लावू नका. राष्ट्राध्यक्ष फोनवर गंभीरपणे बोलू लागले की नको तिथे हसू येतं. १९६४च्या प्रेक्षकांचंही तेच झालं असावं, 'फेल सेफ' चालला नाही.

प्रश्न: 'स्टारशिप ट्रूपर्स' हा लष्करशाहीचा उदो उदो करणारा चित्रपट आहे की तिची टिंगल? घरात दोन तट पडले आहेत.
— एक वाचक, सातारा

उत्तर: टिंगल. पण न समजणाऱ्यांना नावं ठेवू नका, १९९७मध्ये कित्येक समीक्षकांचीही फसगत झाली होती.

रॉबर्ट हाइनलाइनची १९५९ची कादंबरी लष्करी सेवेकडे मनापासून आदरानं बघते. दिग्दर्शक पॉल व्हर्होव्हनचं बालपण नाझींनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये गेलं. त्याला कादंबरी पुरती वाचवली नाही आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. दोन्हींचा सूर कुठे फाटतो ते बघायचं तर भरतीच्या टेबलाशी जा. कादंबरीत भरतीच्या जागी बसलेला सार्जंट अपंग आहे, पाय नाहीत, एक हात नाही. नंतर नायकाला तोच कामाची वेळ संपल्यावर कृत्रिम अवयव लावून व्यवस्थित चालताना भेटतो. मग कळतं की टेबलाशी तो मुद्दाम तसा बसतो. हौशी पोरं घाबरून परत जावीत, पूर्ण विचार करून आलेलीच टिकावीत, हा हेतू. चित्रपटात तोच सार्जंट नायकाशी हात मिळवतो, पायदळानंच मला आजचा माणूस बनवलं म्हणून अभिमानानं सांगतो आणि खुर्ची मागे घेतो, तेव्हा पाय नसलेले दिसतात. तीच जखम, पण एकीकडे ती इशारा आहे, दुसरीकडे जाहिरात.

फसगत का झाली? या चित्रपटात बाहेर उभं राहून 'हे काय चाललंय' म्हणणारं एकही पात्र नाही. सगळे सुंदर, सगळे उत्साही, मालिकांतल्यासारखे गुळगुळीत चेहरे, विजयाला साजेसं संगीत. उपहास ठेवलाय तो कडेला: मध्येच येणाऱ्या प्रचारपटांत, जिथे (शत्रू परग्रहावरचे किडे आहेत म्हणून) लहान मुलं 'आमचाही वाटा' म्हणत झुरळं चिरडतात आणि एक बाई आनंदानं टाळ्या पिटते. आणि कपड्यांत: शेवटाकडे नायकाचा मित्र लांब काळा कोट घालून येतो, तो कोट कुठल्या राजवटीची आठवण करून देतो हे युरोपी माणसाला सांगावं लागत नाही. ज्यांनी मध्यभागी बघितलं त्यांना साहसपट दिसला, कडेला बघणाऱ्यांना टिंगल. घरातले दोन तट बहुधा याच रेषेवर पडले असतील. आमच्या मते ही जोखीम दिग्दर्शकानं जाणूनबुजून घेतली, आणि तिची किंमतही मोजली.

प्रश्न: आम्ही अभियांत्रिकीचे पाच विद्यार्थी एका मराठी विज्ञानकथेवर पंधरा मिनिटांचा लघुपट करतो आहोत. कथा प्रथमपुरुषी आहे, निवेदक खवचट आहे, सगळी गंमत त्याच्या शेऱ्यांत. व्हॉइसओव्हर ठेवावा का? सर म्हणतात, व्हॉइसओव्हर म्हणजे आळस.
— विद्यार्थी, सांगली

उत्तर: सरांचं अर्धं खरं. 'ब्लेड रनर' १९८२मध्ये आला तेव्हा हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन होतं. प्रतिस्पर्धी यंत्रमानव त्याला वाचवून स्वतः शांतपणे मरतो, पावसात दोघांचे चेहरे सगळं सांगतात, आणि लगेच आवाज समजावायला येतो की त्यानं मला का वाचवलं असेल. १९९२च्या आवृत्तीत निवेदन काढलं आणि तो क्षण मोकळा झाला. हा आळस. पण खवचट निवेदकाचा आवाजच काढला तर तुमच्या कथेत उरेल काय?

'द मार्शियन'पुढे हीच अडचण होती. अँडी विअरच्या कादंबरीत मंगळावर एकटा अडकलेला मार्क वॉटनी रोजनिशी लिहितो आणि तिच्यात टवाळी करतो. २०१५च्या चित्रपटासाठी ड्रू गॉडर्डनं त्या रोजनिशीची व्हिडिओ-नोंद केली. तळावर, गाडीत, शिरस्त्राणावर कॅमेरे आहेतच, वॉटनी त्यांच्याशी बोलतो. बोलायला कुणीतरी समोर आलं आणि आवाजाला चेहरा आला. तुमच्या नायकाच्या हातात मोबाइल आहेच. मात्र तो हे कुणासाठी रेकॉर्ड करतोय, ते पहिल्या मिनिटात ठरवा: प्रोजेक्टच्या गाइडसाठी, आईसाठी, की पुढे चौकशी होईल म्हणून पुरावा. यावर खवचटपणाची जात ठरते. आईशी कुणी चौकशी समितीशी बोलावं तसं बोलत नाही.

यात एक बारीक अडचण दडलेली आहे, आणि बहुतेक लघुपट तिथेच आपटतात. रोजनिशी घटना होऊन गेल्यावर लिहिली जाते. लिहितोय म्हणजे माणूस जिवंत आहे, म्हणून विनोद चालतो. पडद्यावर धोका आपल्यासमोर घडतो, आणि नायक धोक्यातच फटकेबाजी करू लागला तर धोकाही खोटा वाटतो, नायकही. 'द मार्शियन'मध्ये पाणी बनवताना स्फोट होतो तो भाग लावा. स्फोट होतो, वॉटनी फेकला जातो, तिथे विनोद नाही. पुढच्या दृश्यात तो कॅमेऱ्यासमोर येऊन बसतो, कपड्यांतून अजून धूर निघतोय, आणि गणितात काय विसरलो ते शांतपणे सांगतो: आपणच उच्छ्वासातून सोडलेला ऑक्सिजन. आधी धोका, मग कट, मग विनोद. आणि काही ठिकाणी विनोदाला चक्क सुट्टी आहे. तळ फुटून बटाट्याचं पीक गेल्यावर, रात्री वादळात भोकावरचं प्लॅस्टिक फडफडत असताना तो नुसता बसलेला असतो. अशी दोन-तीन ठिकाणं नसती तर त्याची टवाळी दहाव्या मिनिटाला कंटाळवाणी झाली असती.

शिव्यांचं काय, असंही तुम्ही पत्रात विचारलंय. कादंबरी शिवीनंच सुरू होते. चित्रपटाला मुलांनाही बघता येईल असा दाखला हवा होता. सहकाऱ्यांना तो जिवंत असल्याचं अजून सांगितलेलंच नाही हे कळल्यावर वॉटनी गाडीत ओरडतो, तेव्हा कॅमेरा काचेच्या बाहेर आहे, फक्त ओठ दिसतात. नंतर त्याला कळवतात की तुझं टंकन जगभर थेट दिसतंय, भाषा सांभाळ. तो काहीतरी टंकतो. काय ते आपल्याला दिसत नाही, पृथ्वीवरच्या साहेबांचे चेहरे दिसतात. शिवीपेक्षा हे जास्त हसवतं.

आता कामाचं. निवेदन पंधरा मिनिटांपैकी चारच्या आत ठेवा. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरले तर पाचशे शब्द झाले, त्यात बसवा. चित्रीकरणाआधी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, कागदावर खवचट वाटणारी निम्मी वाक्यं ऐकताना नुसती लांब निघतील. पडद्यावर दिसतंय तेच वाक्यात असेल तर वाक्य काढा. पडद्यावर दिसतंय त्याच्या उलट असेल तर ठेवा. 'सगळं नियंत्रणात आहे' म्हणत असताना मागे आग लागलेली हवी. संकलनात पंचनंतर एक-दीड सेकंद कुणाचा तरी चेहरा ठेवा आणि त्या जागेत महत्त्वाची माहिती देणारं वाक्य टाकू नका, ते हशात बुडतं. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, चित्रपट थांबत नाही. पार्श्वसंगीत पंचच्या आधी बंद करा. पंचवर 'ट्यँव' करणारं वाद्य वाजवाल तर आमच्याकडे पत्र पाठवू नका.

कच्चं संकलन झालं की कथा न वाचलेल्या आठ-दहा जणांना दाखवा. विनोदी आहे हे सांगू नका. तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा आणि हसण्याची वेळ मिनिट-सेकंदात टिपा. तुम्हाला अपेक्षित होतं तिथे कुणीच हसलं नाही, तर आधी तो पंच दोन सेकंद लवकर कापून बघा, शब्द नंतर बदला.

आणि परवानगी. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्याकडे किंवा वारसांकडे असतात. 'सर ओळखतात त्यांना' हे पुरत नाही, सहीनिशी कागद हवा. कागदात मुदत लिहा, नाहीतर कायद्यानं ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेशही लिहा, नाहीतर फक्त भारत धरला जातो आणि परदेशी महोत्सवाच्या वेळी धावपळ होते.

प्रश्न: 'ड्यून'च्या दुसऱ्या भागात स्टिल्गारला विदूषक का केलं? पुस्तकात वाळवंटी टोळीचा हा म्होरक्या केवढा करारी आहे!
— एक वाचिका, ठाणे

उत्तर: विदूषक केलेलं नाही, पण हसवायला लावलंय हे खरं. नायक पॉल म्हणतो, मी तो तारणहार नव्हे. स्टिल्गार म्हणतो, बघा, तारणहार किती विनम्र आहे, म्हणजे हाच तो. चित्रपटगृहात इथे हमखास हशा असतो. या तर्कातून सुटका नाही: हो म्हटलं तरी तोच, नाही म्हटलं तरी तोच.

फ्रँक हर्बर्टच्या १९६५च्या कादंबरीत पॉलला अगदी शेवटाकडे जाणवतं की स्टिल्गार आता मित्र उरला नाही, भक्त झाला आहे. पुस्तक हे दुःख पॉलच्या मनात शिरून सांगतं. पडद्याला मनात शिरायची वाट नाही, म्हणून चित्रपटानं तेच आपल्याकडून करवून घेतलं. आधी आपण त्याच्या भक्तीला हसतो. शेवटी पॉलचा शब्द पडताच तोच स्टिल्गार, त्याच श्रद्धेनं, माणसांना धर्मयुद्धाच्या यानांकडे नेतो. तेव्हा आपलं आधीचं हसू घशात अडकतं. त्याचा सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे, बदलते ती आजूबाजूची गर्दी. तुमची तक्रार एवढ्यापुरती मान्य की मधले एक-दोन हशे कमी असते तर चाललं असतं.

प्रश्न: 'ब्लेड रनर' ज्यावर आधारित आहे ती कादंबरी विनोदी आहे, असं मित्र म्हणतो. थट्टा करतोय का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: नाही. फिलिप के. डिकची १९६८ची कादंबरी नवरा-बायकोच्या भांडणानं सुरू होते. पलंगाशी मनःस्थिती ठरवणारं यंत्र आहे, आकडा फिरवला की तसं वाटू लागतं. ८८८ लावलं तर टीव्हीवर काहीही लागलेलं असो, बघावंसं वाटतं. ५९४ लावलं तर नवऱ्याचं शहाणपण आनंदानं मान्य होतं. बायकोनं स्वतःसाठी सहा तासांच्या नैराश्याची वेळ लावून ठेवली आहे, आणि नवरा ते बंद कर म्हणून वाद घालतोय. गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी आहे आणि शेजाऱ्यांना ती खरी वाटावी म्हणून धडपड. चित्रपटानं बायको, यंत्र, मेंढी, सगळं काढलं. पावसाळी, निऑनच्या उजेडातल्या त्या जगात हे बसलंच नसतं, तेव्हा काढलं ते बरंच केलं. पण पुस्तक जरूर वाचा, ते दुसरंच काहीतरी आहे.

डिकचा विनोद पडद्यावर बघायचाच असेल तर रिचर्ड लिंकलेटरचा २००६चा 'अ स्कॅनर डार्कली' बघा, निदान सायकलचा प्रसंग. अठरा गिअरची म्हणून घेतलेल्या सायकलचे नशेतले मित्र दात्यांची चाकं मोजतात. पुढची तीन आणि मागची सहा मिळून नऊच भरतात. बाकीचे नऊ कुणी चोरले, यावर गंभीर चर्चा होते. गुणाकाराच्या जागी बेरीज, एवढाच विनोद. पुस्तकात सायकल दहा गिअरची आहे, गणित तेच. हिरव्या पेन्सिलीचा उत्तम नमुना.

प्रश्न: 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'मधलं ते प्रसिद्ध पालुपद चित्रपटात ऐकू आलं नाही. चुकून निसटलं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: मुद्दाम गाळलंय. कादंबरीत प्रत्येक मृत्यूनंतर येणारं 'असंच चालायचं' या अर्थाचं ते वाक्य शंभराहून जास्त वेळा येतं. कागदावर डोळा त्यावरून सरकत जातो आणि तो सुन्न सूर लागतो. कानाला तेच शंभरदा ऐकवलं तर तिसऱ्यांदा हशा, दहाव्यांदा वैताग. १९७२च्या चित्रपटात हे काम संकलनाला दिलं आहे. एका काळातलं दृश्य मध्येच तुटून दुसऱ्या काळात निघतं, मृत्यूवर कुणी थांबत नाही. लेखक कर्ट व्हॉनेगट यांना चित्रपट मनापासून आवडला होता.

प्रश्न: मी सबटायटल्सचं काम करते. इंग्रजी विज्ञानपटातला विनोद मराठीत आणताना अर्थ बरोबर येतो, हसू येत नाही. काही युक्ती?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर: बऱ्याचदा दोष शब्दात नसतो, क्रमात असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे इंग्रजीत शेवटी असलेला पंचचा शब्द मराठीत मध्ये जाऊन बसतो आणि वाक्य 'होतं', 'आहे', 'होती' वर संपतं, म्हणजे फुसकं.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन ओळी, ओळीला साधारण ४२ खुणा, पडद्यावर जास्तीत जास्त सात सेकंद, ही चौकट तुम्हाला माहीत आहेच. विनोदासाठी तिच्यात एक भर: नट पॉज घेतो तिथे सबटायटल तोडा. सेटअप, म्हणजे पंचची तयारी, एकात, पंच दुसऱ्यात. दोन्ही एकदम दिसले तर प्रेक्षक वाचून मोकळा होतो, नटाच्या आधी हसतो आणि नट बोलतो तेव्हा गप्प असतो.

शब्दांची निवड बघायची तर 'स्ट्रेंजलव्ह'मधलं वाक्य घ्या. युद्धकक्षात दोघं हातघाईवर येतात आणि राष्ट्राध्यक्ष ओरडतात की इथे मारामारी करू नका, ही वॉर रूम आहे. 'वॉर रूम' तसंच ठेवलं तर प्रत्येकाला कळतं. पण आपल्याकडे आता मुख्यमंत्र्यांचीही वॉर रूम असते, निवडणुकीत पक्षाचीही. त्या शब्दातलं युद्ध झिजून गेलंय. 'युद्धकक्ष' लिहा. शब्द थोडा पुस्तकी आहे, पण त्यात 'युद्ध' अजून ठळक ऐकू येतं, आणि विनोद तेवढ्यावरच उभा आहे.

आणि क्रमासाठी वर आलेली वीट. तिच्यावर रियाझ करा. सरळ भाषांतर असं होतं: 'विटा जशा हवेत लटकत नाहीत तशी ती यानं आकाशात लटकत होती.' यात विटा आधी आल्या, यान नंतर, म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून. शिवाय वाक्य 'लटकत होती'वर पडलं. दुसरा प्रयत्न: 'ती यानं आकाशात अशी लटकत होती, जशा विटा लटकत नाहीत.' बरं आहे, पण 'अशी-जशा' ही जोडी इंग्रजीची चाल आहे, मराठी कानाला ती पाठ्यपुस्तकासारखी वाटते. तिसरा, दोन सबटायटल्समध्ये. पहिलं यान दिसतं तेव्हा: 'ती यानं आकाशात लटकत होती,'. मग सेकंदभर नुसतं आकाश. दुसरं: 'वीट लटकत नाही, तशी.'